हेलसेच्या शाळेला एक मूल हवंय

२२ मे, गुरुवार

येतायत! शनिवारच्या बोटीने, आठवडाभरासाठी, इथे कायमचं राहायला यायचं का ते बघायला. नवरा गॅरेथ, बायको निकोला आणि सहा वर्षांची मुलगी टॅमसिन. डर्बीहून निकोलाचा फोन आला तेव्हा मी आनंदाने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की पलीकडच्या वर्गातून बाई बघायला आल्या. माझं ऑफिस म्हणजे शाळेचा दुसरा वर्ग. मुलं कमी झाली तशी ही खोली रिकामी पडली आणि बेटाच्या विकास समितीला मिळाली. समितीची पगारी माणूस मी एकटीच.

मुलं कमी झाली म्हणजे आता एकच उरलंय, माझी भाची उना. कौन्सिलने कळवलंय की जूनच्या मध्यापर्यंत पुढच्या वर्षासाठी दुसरं नाव आलं नाही, तर शाळेला कुलूप. मग उनाला शाळेसाठी समुद्रापलीकडे जावं लागणार, आणि बोट काही रोज जात नाही. म्हणजे माझा भाऊ तॉर्किल, कर्स्टी वहिनी आणि उना, अख्खं बिऱ्हाडच उठणार. आई आणि मी मागे. आधी शाळा जाते, मग दुकान जातं, मग बोट. ग्लासगोला शेवटच्या वर्षी मी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. घरातली मी पहिली पदवीधर. पदवीचा झगा घातलेला माझा फोटो आईने टीव्हीच्या वर लावलाय. त्या फोटोचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो आत्ताच.

आणि गॅरेथ प्लंबर आहे! हेलसेवर कोणाचा नळ बिघडला तर माणूस समुद्रापलीकडच्या ओबनहून बोलवावा लागतो, आणि तो आला तर येतो. म्हणूनच संध्याकाळी घरोघर जाऊन मी बजावून आले, की माणूस घर बघायला येतोय, राबायला नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पाना देऊ नका. डोलीनाआत्या चिडलीच. "आम्हाला रीत शिकवतेस? या बेटावर पाहुण्याला कुणी काम सांगितलंय कधी?"

कर्स्टीकडे गेले तर ती कपाटं उपसून बसली होती. हल्ली तिला आवराआवरीचं वेडच लागलंय. परवा कोंबड्यासुद्धा आईला देऊन टाकल्या. "त्यांच्यामागे धावायचा कंटाळा आला," म्हणाली. मी बातमी सांगितली. ती एक स्वेटर घडी करत म्हणाली, "किती धडपडतेस गं मार्सली." तॉर्किल घरी नव्हता, पुन्हा दात दाखवायला ओबनला गेलाय. लहानपणी किती चांगले होते त्याचे दात.

२४ मे, शनिवार

पाऊस. मोठा नव्हे, आमचा नेहमीचा, आडवा.

निकोला बोटीतून उतरली ती पांढरीफटक. मी गाडीत पुढे बसून दाखवत होते. डावीकडे बेन मोर, आमचा डोंगर. डावीकडे ढग. उजवीकडे पांढऱ्या वाळूचा किनारा. उजवीकडेही ढग. टॅमसिनने काच पुसून विचारलं, "सगळं ढगाच्या आत आहे का?"

तरी धक्क्यावरच्या फिन्लेने सुरुवात छान केली होती. बोटीचा दोर खुंट्याला टाकत तो गॅरेथला म्हणाला, "डोंगर आहे बरं का तिथे. मी स्वतः पाहिलाय."

गॅरेथ हसला. "कधी?"

"पाहिलाय ना एकदा. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा."

इथवर ठीक होतं. पण मग म्हणाला, "तुमच्या आठवड्यात दिसेल असं मात्र म्हणत नाही. अंदाज वाईट आहे." कोणी विचारलं होतं का? मी डोळे मोठे केले तर मलाच म्हणतो, "काय झालं, डोळ्यात काही गेलं?"

शाळेमागचं घर त्यांना दाखवलं. मी आणि आईने आठवडाभर खपून ते घासलंय. चुलीत पीट, आमचं दलदलीतल्या मातीचं सरपण, पेटवून ठेवलं होतं. निकोलाने खिडकीला हात लावला, बाहेरच्या करड्या पावसाकडे बघितलं आणि विचारलं, "इथे मुलं कुठे खेळतात?" मी म्हणाले, "सगळीकडे." खरंच आहे ते.

२५ मे, रविवार

रविवारी आमच्याकडे काम वर्ज्य, आणि लिहिणं हेही कामच, आईने बघितलं तर म्हणेल. पण आज लिहायलाच हवं.

चर्चहून परतताना गॅरेथला डोलीनाआत्याच्या दारातून पाण्याचा ओघळ येताना दिसला. ती आत बादलीने पाणी उपसत होती. सिंकखालचा पाईप फुटला होता. पाहुण्यांचं घर आत्याच्या शेजारीच. गॅरेथ धावत जाऊन हत्यारांची पेटी घेऊन आला.

"दहा मिनिटांचं काम आहे."

"आज रविवार," आत्या म्हणाली.

"पण पाणी घरात येतंय!"

"रविवारी येतंय. उद्या जाईल."

त्याला वाटलं ती गंमत करतेय. तो गुडघ्यावर बसायला लागला, तर आत्याने त्याच्या आणि सिंकच्या मध्ये खुर्ची ओढली, तीवर बसली आणि विचारलं, "चहात साखर किती?" माझी आई म्हणाली, "डोलीना, बैल खड्ड्यात पडला तर शब्बाथलासुद्धा बाहेर काढावा, असं बायबलात लिहिलंय." आत्या म्हणाली, "पाईप म्हणजे बैल नव्हे." पाय पाण्यात ठेवून सगळ्यांनी चहा घेतला. गॅरेथने परत विचारलं तेव्हा आत्याने त्याचा हात थोपटला. "तुम्ही कशाला त्रास घेता? आमचं काही अडत नाही."

तो पेटी उचलून गेला. चेहरा जरा उतरला होता, पण तो प्रवासाचा शीण असणार. मला आत्याचं मात्र कौतुक वाटलं. बोलल्याप्रमाणे वागली.

२७ मे, मंगळवार

झड लागलीय. दोन दिवस पाहुण्यांना घेऊन घरोघर हिंडतेय. मटणाचा रस्सा, स्कोन, पुन्हा स्कोन. टॅमसिनच्या प्रत्येक खिशात गोळ्या. पाहुणचारात कोणीही कमी पडलं नाही. पण काहीतरी जमत नाहीये आणि काय, ते मला कळत नाही.

फिन्लेकडे गॅरेथने सरळच विचारलं, "माझ्यासारख्याला इथे काम मिळेल का?" त्या वेळी त्याच्या मागे फिन्लेचा नळ गळत होता आणि खाली पातेलं ठेवलेलं होतं. फिन्लेने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आमचं आपलं भागतं."

"म्हणजे गरज नाही?"

"तसं नाही... भागतं."

रस्त्यात मी गॅरेथला सांगितलं, की हे लोक असेच बोलतात, काम भरपूर आहे, माझ्याकडे घरांची पाहणी आहे, आकडे आहेत. तो म्हणाला, "आकडे तू फोनवरही सांगितले होतेस." आणि टोपी पुढे ओढली. पाऊस तोंडावर येत होता.

एक चांगली गोष्ट घडली. कर्स्टीकडे गेलो तेव्हा निकोला आणि ती स्वयंपाकघरात बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. मी मध्येच आत गेले तर दोघी गप्प झाल्या. निकोलाचे डोळे लाल दिसले. कर्स्टी कांदे चिरत होती. मी विचारलं, "काय चाललंय?" कर्स्टी म्हणाली, "हिवाळ्यात काय काय करावं लागतं ते सांगत होते." मला फार बरं वाटलं. कर्स्टी लग्न होऊन पर्थहून इथे आली आणि रुळली. बाहेरून येणारीला तिच्याहून चांगलं कोण सांगणार?

२८ मे, बुधवार

टॅमसिन आज उनाबरोबर शाळेत बसली. बाईंना माझ्या ऑफिसातून दुसरी छोटी खुर्ची न्यावी लागली. मी तीवर फायली ठेवत होते.

दुपारी मुली बाहेर सुटल्या. टॅमसिनच्या अंगात उनाचा जुना रेनकोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पावसाची तिला काही पडलेलीच नव्हती. दोघी कुंपणाशी मेंढ्यांना इंग्लंडच्या राजघराण्यातली नावं देत होत्या. उना म्हणत होती, "हिला राणी नको करू, हिला खोकला आहे." संध्याकाळी टॅमसिन घरी जायला तयार होईना. उना तर रडलीच. ती कधी रडत नाही.

गॅरेथ आणि निकोला छत्री धरून लांबून बघत होते. मी देवाला म्हटलं, एक दिवस दे. डोंगर, समुद्र, काही नाही, फक्त उघडीप. एकच दिवस.

२९ मे, गुरुवार

वादळाचा अंदाज आलाय. शनिवारची बोट सुटेल असं दिसत नाही, पुढे मंगळवारपर्यंतही सांगता येत नाही. गॅरेथला सोमवारी कामावर हजर व्हायचंय.

आमच्याकडे पाहुण्याला बोटीची खबर वेळेवर देणं हा पहिला धर्म. दिली नाही आणि पाहुणा अडकला, तर ती नाचक्की घराची नाही, अख्ख्या गावाची. त्यामुळे सकाळपासून सगळं गाव त्यांच्या दारात. फिन्ले: "जायचं तर आजच्या बोटीने जा." दुकानदारीण: "आजच निघा हो, उद्याचा भरवसा नाही." डोलीनाआत्या तर पावसात डोक्यावर पिशवी धरून आली आणि त्यांच्या बॅगा स्वतःच दाराशी आणून ठेवायला लागली. आईने वाटेसाठी स्कोन बांधून दिले.

मी पोचले तेव्हा निकोला पायरीवर उभी होती. "मार्सली, खरं सांग. आम्ही तुम्हाला नको आहोत का?"

मी म्हणाले, "असं कसं? सगळे किती..."

"सगळे चहा देतात. छान देतात. पण आज जो येतो तो 'जा' म्हणतो. परत या, असं कोणीच म्हटलं नाही. गॅरेथ म्हणतो, त्याने सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी त्याला सांगितलं, गरज नाही."

"ते काळजीने सांगतायत. बोट खरंच..."

"मग तू सांग. शनिवारी बोट जाईल?"

'जाईल' म्हटलं असतं तर ते थांबले असते. दोन दिवस मिळाले असते. कदाचित उघडीपही. मी म्हणाले, "नाही जाणार बहुतेक."

निकोलाने मान हलवली आणि टॅमसिनचे बूट शोधायला आत गेली.

बोट सुटताना धक्क्यावर अख्खं गाव भिजत उभं होतं. सगळे हात हलवत होते. बोटीवरून कोणी हात हलवला का, ते पावसात दिसलं नाही.

१ जून, रविवार

वादळ आलं आणि गेलं. पाऊस आहेच.

जेवायला डोलीनाआत्या आली होती. म्हणाली, "काय सोन्यासारखी माणसं! आणि तो गॅरेथ, किती मनापासून पाईप करायला बसत होता."

मी चमचा खाली ठेवला. "मग करू का नाही दिलंस? रविवारी नको होतं, तर सोमवारी बोलवायचं!"

"सोमवारी? पाहुण्याला?"

"त्याला वाटलं इथे त्याची गरज नाही!"

"अगं, डोळे नाहीत का त्याला? पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते त्याचे."

"आत्या, 'राहा इथे' एवढं तरी म्हणायचंस."

आत्या खरोखर दुखावली. "दुसऱ्याच्या संसारात मी कोण 'राहा' म्हणणारी? राहावंसं वाटलं तर राहतील. ओढून का कोणी राहतं?"

आई म्हणाली, "जेवा आता." तॉर्किल आणि कर्स्टी ताटात बघत होते. तॉर्किलने तर मटणाला हातसुद्धा लावला नाही. दात अजून दुखत असणार.

९ जून, सोमवार

काय लिहू?

सकाळी निकोलाचा फोन. ते येतायत! मी दोनदा विचारलं. म्हणाली, "गॅरेथ नाही म्हणत होता. पण टॅमसिन रोज उठून उनाबद्दल बोलते. डर्बीच्या शाळेत तिचं कोणाशी जमत नाही. तिथे ती कोपऱ्यात बसते. तुमच्याकडे हसली तशी हसताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आणि खरं सांगू? कर्स्टीसाठी. तुम्ही सगळ्यांनी मला बेट दाखवलंत. तिने एकटीने मला हिवाळा सांगितला. पहिल्या वर्षी ती न्हाणीघराचं दार लावून रडायची, हेसुद्धा. मी गॅरेथला म्हटलं, अशी एक बाई शेजारी असेल तर मी कुठेही राहीन." मग म्हणाली, "उद्या-परवा टॅमसिनचं नाव कौन्सिलला कळवते."

मी डोक्यावर काही न घेता कर्स्टीकडे पळत सुटले. ती सिंकपाशी होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ती हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग बसली.

"मार्सली, तॉर्किलला ओबनला काम मिळालंय. बोटी दुरुस्तीच्या यार्डात. घरही बघितलंय. ऑगस्टला जातोय आम्ही."

"पण आता शाळा राहणार आहे! आता कशाला जायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. उनाकडे बघते तशी.

"शाळेसाठी नाही गं जात आहोत आम्ही."

तॉर्किल दारात येऊन उभा होता. "तुला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं," म्हणाला. "तू इतकी धावत होतीस. म्हटलं, कोणी आलं नाही की शाळा आपोआप बंद होईल, मग सांगावंच लागणार नाही."

मी म्हणाले, "दात?" तो खाली बघू लागला.

१० जून, मंगळवार

आज सगळे माझ्याशी फार चांगले वागले. त्यानेच जास्त रडू येतंय.

तॉर्किल सकाळी ऑफिसात आला. म्हणाला, "उनाचं नाव ऑगस्टपर्यंत काढत नाही. दोन नावं झाली की शाळा चालू, आणि एकदा ऑगस्टात सत्र सुरू झालं की वर्षभर कोणी बंद करत नाही. तेवढं तुझ्यासाठी करतो." फिन्लेलाही ते पटलं. "तोवर त्या टॅमसिनला दुसरं कोणी मिळेल." दुसरं कोण मिळणार? मेंढ्या? आई म्हणाली, "त्यांना आत्ता सांगायलाच हवं असं काही आहे का? आल्यावर कळेलच. माणसं घर सोडून आली की रुळतात." मग म्हणाली, "तुझा भाऊ गेला तर गेला. तू तरी राहशील ना?"

कर्स्टीने तेवढा काही सल्ला दिला नाही. निकोलाला तूच फोन करून सांगतेस का? मी विचारलं. म्हणाली, "मी नाही करणार. माझ्या तोंडून गेलं तर मी जाता जाता तुझं सगळं काम मोडल्यासारखं होईल. तू ठरव."

मी गप्प बसले तर शाळा राहते. दुकान राहतं, बोट राहते. बेटाला प्लंबर मिळतो. फक्त एका मुलीला कोणीतरी फसवलेलं असेल, आणि ते कोणीतरी मी. ज्या गोष्टीसाठी पदवी घेऊन परत आले तीच गोष्ट अशी करायची? अशी नाही केली तर दुसरी कशी करायची? माझ्याकडे तिसरा मार्ग नाही. पाऊस थांबत नाही. डोकं चालत नाही.

११ जून, बुधवार

केला फोन. मधल्या सुट्टीच्या वेळी, ऑफिसातून.

सगळं सांगितलं. ऑगस्ट, ओबन, कर्स्टी. उना नसेल. निकोलाने ऐकून घेतलं. मागे टीव्ही चालू होता.

मग म्हणाली, "कर्स्टीला मी दोष देत नाही."

मी म्हणाले, "आम्हाला तुम्ही हवे आहात. पाईप फुटलेत सगळ्यांचे. आत्याने अजून चिंधी बांधलीय. कोणी म्हटलं नाही, पण सगळ्यांना तुम्ही हवे आहात." कोणी अडवायच्या आत भराभर बोलत सुटले. "मुलं पुढे येतील. मी आणखी जाहिराती देईन."

"मार्सली," ती म्हणाली, "टॅमसिन तुझी मुलगी असती तर तू तिला त्या वर्गात एकटीला बसवलं असतंस?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. समोर खिडकी होती. खिडकीबाहेर, पावसात, उना शाळेच्या भिंतीवर चेंडू मारत होती. चेंडू मारायची, पळत पलीकडे जायची आणि तिथून परत मारायची. इकडे आली की एका आवाजात काही म्हणायची, तिकडे गेली की दुसऱ्या. मी ऑफिसात येऊन वर्ष झालं. रोज मधल्या सुट्टीत हेच चालू असतं. मला वाटायचं, पोरगी किती छान रमते.

"नाही," मी म्हणाले.

निकोला म्हणाली, "थँक यू." मग कोणीतरी फोन ठेवला. बहुतेक मीच.

घंटा झाली. बाई दारात आल्या. "चला, रांग करा," म्हणाल्या.

उना रांगेत उभी राहिली.